रंजीचा चेहरा

आमच्या घरात सगळ्यांत आधी तात्यांचा आवाज उठायचा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून पेन्शनीवर येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्या अंगातली पलटण काही उतरली नव्हती. उजाडायच्या आत अंगणात खाकरायचे, मग गोठ्यात जाऊन म्हशीला "चलो, उठो" म्हणून हुकूम सोडायचे. म्हैस उंब्रजच्या बाजारातली, तिला हिंदी काय कळणार, पण उठायची बिचारी. त्यापाठोपाठ कडबाकुट्टीचा खडखडाट, दूध न्यायला आलेल्या टेम्पोचा भोंगा, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांवरची गाणी, आणि या सगळ्या गलक्याच्या तळाशी काकीचं भाकरी थापणं. ते मात्र एका लयीत चालायचं. काकी म्हणजे तात्यांची बायको. माझी आई दिवसभर वडलांबरोबर आल्याच्या नाहीतर उसाच्या रानात असायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, पाठीत धपाटे घातले ते काकीनं. तिच्या हातची घेवड्याची आमटी मी अजून करून बघते. जमत नाही. ती त्यात काय घालायची ते मी कधी विचारलं नाही, आणि तीही सांगणाऱ्यांतली नव्हती.

काकीला मूल नाही, असं गावात म्हणायचे. ते खरं नव्हतं. काकीला एक मुलगी झाली होती, रंजना, घरात सगळे रंजी म्हणायचे. तिसरं वर्ष सरायच्या आत ती तापानं गेली. मी जन्मायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिचा एकही फोटो नव्हता. माझ्या आजीचा नियम होता की जावळ काढल्याशिवाय लेकराचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते. आणि रंजीचं जावळ पालीला खंडोबाच्या दारात, बापाच्या देखत काढायचं, असा आजीनंच नवस बोललेला. तात्या पहिल्या रजेला आले तेव्हा रंजी पाळण्यात होती. दुसऱ्या खेपेला आले ते आजोबा वारले म्हणून. तेव्हा घर सुतकात, वर्षभर शुभकार्य नाही, म्हणजे जावळही नाही. डोक्याचं मुंडण केलेला, मिशा उतरवलेला तो अनोळखी माणूस बघून रंजी जी काकीच्या पदराआड दडली ती रजा संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. तात्या म्हणायचे, "मला तिची पाठ ठाऊक हाय. पाठीवर केस. बास." त्यानंतरची रजा मिळाली तेव्हा बघायला कुणी नव्हतं. आजीला मी दोष देत नाही. लेकराला जपावं म्हणूनच तिनं ते केलं होतं.

बारावीनंतर मी चित्रकला शिकायला सांगलीला गेले. घरातून विरोध होईल असं वाटलं होतं, पण तात्यांनी वडलांना एका वाक्यात गप्प केलं, "पोरगी बॉर्डरवर न्हाई निघाली, सांगलीला निघालीया." आठवड्याला मी एसटीनं घरी यायची. येताना काकीसाठी भडंग, जाताना तिनं बांधून दिलेल्या भाकरी आणि खर्डा. तात्यांनी तेव्हा स्वतःसाठी एक टॅब घेतला होता, बातम्या आणि भजनं बघायला. त्यांच्या राठ बोटांना तो दादच देत नव्हता. दहा वेळा टोचलं की एकदा हलायचा. एक दिवस वैतागून त्यांनी तो माझ्यापुढे ढकलला, "घे, तुझ्या चित्राफित्राला व्हईल. माझ्याच्यानं ह्यो रंगरूट सुधरत न्हाई." मी हरखले. कॉलेजात आमच्या वर्गात दोघातिघांकडंच असलं काही होतं.

बोटानं चित्र निघेना, म्हणून सांगलीत मोबाईलच्या दुकानातून मी एक पेन आणलं. स्टायलस हा शब्द मला दुकानात कळला. घरात त्याला शेवटपर्यंत पेनच म्हणायचे. त्याच्या टोकाला वाटाण्याएवढं काळं, पोकळ रबर होतं. रेघ कुठं उमटेल ते त्या रबराआड दिसायचंच नाही. एक रेघ काढावी तर ती भेंडीच्या देठाएवढी जाड. हात काचेला टेकला की भलतीकडंच फराटे. त्यावर तोडगा काकीनं काढला. तात्यांचा लोकरीचा फौजी हातमोजा घेतला, त्याची तीन बोटं कापली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं ठेवलं आणि कडा शिवून दिल्या. तळहात टेकला तरी काच गप्प राहायला लागली. तात्यांना मोजा कापल्याचं संध्याकाळी कळलं. "सियाचीनचा मोजा हाय त्यो!" म्हणून ओरडले. काकी म्हणाली, "आवं, हितं कुठं बर्फ पडाय लागलाय?" नंतर मी बाजारातले चांगले मोजे कितीतरी वापरले, पण हात ठेवल्या ठेवल्या ऊब लागावी असा दुसरा मिळाला नाही.

त्या पेनानं मी घरातल्या सगळ्यांची चित्रं काढली. म्हैस काढली, वडील काढले, पारावरचे म्हातारे काढले. तात्यांचं चित्र काढलं तेव्हा त्यांनी ते बराच वेळ लांब धरून बघितलं आणि मला अंगणात बोलावून घेतलं. अंगणात आम्ही दोघंच होतो तरी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, पोलीसवाले चोराचं चित्र काढत्यात न्हवं? बघणाऱ्यानं सांगायचं, त्यांनी काढायचं. तसं रंजीचं निघंल का?" ते पुढं म्हणाले, "तुझ्या काकीला सगळी पाठ हाय. मला काय बी न्हाई. दोस्त लोक मोबाईलवर नातवंडं दावत्यात. मला नात न्हाई, ठीक हाय. पर लेक कशी हुती ती तरी दिसावी." एवढा मोठा माणूस, आयुष्यभर हुकूम देण्यात आणि झेलण्यात गेलेला, माझ्याकडं न बघता बोलत होता. मी हो म्हणाले. त्या वयात कुणी नाही म्हणालं असतं असं मला वाटत नाही.

काकी आधी तयार नव्हती. "कशाला उगा," एवढंच म्हणाली आणि घेवडा निवडायला बसली. पण दुसऱ्या शनिवारी मी तिच्याशेजारी टॅब घेऊन बसले तेव्हा तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं नाही आणि मला उठही म्हणाली नाही. मी विचारलं, "काकी, तोंड कसं हुतं गं? गोल का लांबट?" ती निवडता निवडता बोलायला लागली. सरळ उत्तर एकही नाही. नाकाचं विचारलं की सांगायची, "दूध प्याली की वरच्या ओठावर मिशी यायची, अन् ती जिभंनं पुसायची." डोळ्यांचं विचारलं की, "कोंबडीमागं पळताना मागं वळून बघायची, मी येती का न्हाई म्हणून." बोलता बोलता डोळे मिटायची, आणि मिटले की तिचा चेहरा असा सैल पडायचा की मला पेन टेकवायचं भान राहायचं नाही. मी तिला वर्षानुवर्षं बघत आले होते, पण रोज दुपारी पाठ टेकली की ती डोळे मिटून कुठं जाते ते मला तेव्हा उमगलं.

त्या जाड रबरी पेनानं बारीक काही निघतच नव्हतं. मी आपले राखी रंगाचे फराटे मारत गेले. वळलेली मान, पाठीवर केस, गालाचा उंचवटा, डोळ्यांच्या जागी नुसती सावली. संध्याकाळी म्हशीची धार काढून काकी आली, तर मी टॅब तिच्यापुढं धरला. ती वाकून बघत राहिली. किती वेळ ते आठवत नाही. मग म्हणाली, "व्हय गं. हाय. हितंच हाय ती." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ते माझं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं चित्र. हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्याची लाज वाटली होती, कारण त्यात रेखाटन म्हणावं असं काही नव्हतं, आणि आमच्या कॉलेजात अशा कामाला धुपाटणं म्हणायचे.

तात्यांनी चष्मा लावून बघितलं, टॅब वर केला, खाली केला, दाराच्या उजेडात नेला. "ह्ये काय, धुकं पडलंय का?" म्हणाले. "शकल कुठं हाय?" काकी आतून म्हणाली, "आवं, दिसतीया की." "तुला दिसतीया," तात्या म्हणाले, "मला न्हाई ना दिसत." ते रागावून बोलले नव्हते. त्यांच्या मिटल्या डोळ्यांत काहीच नव्हतं, त्यामुळे त्या सावलीत भरायला त्यांच्याकडं काही नव्हतं. हे मला आज इतकं सोपं वाटतं. तेव्हा मी सगळं खापर पेनावर फोडलं. म्हणाले, "तात्या, ह्या रबरानं डोळं न्हाई निघत. बारीक टोकाचं पेन पायजे."

मग काय, फौज निघाली. तात्या माझ्याबरोबर सांगलीला आले आणि दुकानात उभे राहून पेनं बघू लागले. एकाच्या टोकाला पारदर्शक चकती होती, ती टिकटिक वाजायची. एक पितळी होतं, ते तात्यांना वजनाला आवडलं. शेवटी सुईसारख्या टोकाचं, दाबाल तशी रेघ जाड-बारीक होणारं असं एक आम्ही घेतलं आणि खुशीत घरी आलो. घरी आल्यावर त्या पेनानं टॅबवर एक ठिपकाही उमटेना. तात्यांनी झटकून बघितलं, उन्हात ठेवून बघितलं, फुंकर मारून बघितली. परत दुकानात गेलो तर दुकानदार हसायला लागला. "काका, ते पेन ह्या टॅबवर चालतच न्हाई. ज्याचं पेन त्याचाच टॅब लागतोय." तात्या म्हणाले, "म्हणजे बंदूक एकाची अन् काडतूस दुसऱ्याचं! मग मगाशी का न्हाई सांगितलंस, गड्या?" तो म्हणाला, "तुमी पेन मागितलं, मी पेन दिलं." त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. तात्यांनी ते पेन परत केलं आणि पेनासकट नवा टॅब घेतला. मी नको नको म्हणत होते, पण मनातून नाचत होते.

ते पेन हातात घेतलं तेव्हाचं सुख मी कसं नाकारू? काचेवर सुरकुतीएवढी बारीक रेघ यायची. हलका हात ठेवला की पापणीचा केस, दाबलं की भुवई. पेनाबरोबर बदलायची टोकं आली होती. प्लॅस्टिकचं कडक टोक काचेवर घसरायचं, तर नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, मऊ टोक कागदावर चालल्यासारखं अडत अडत चालायचं. मी मऊ टोक लावलं. काचेवर खरखरीत कागदासारखा पडदा चिकटवला, त्यानं टोक लवकर झिजायचं, पण हात स्थिर राहायचा. आज माझ्याकडं चित्रकला शिकायला येणारी मुलं मला विचारतात, मॅडम, कोणतं पेन घेऊ, तेव्हा मी त्यांना हे सगळं शिकवते, आणि मग सांगते, पण आधी जाड टोकानं काढून बघा. त्यांना वाटतं मी कंजूष आहे.

जुनं धुरकट चित्र मी नव्या टॅबवर घेतलं आणि त्याच्यावरच काम सुरू केलं. आता मी काकीला विचारायची पद्धत बदलली. चष्म्याच्या दुकानात विचारतात तसं. एक नाक काढायचं, दाखवायचं. खोडायचं, दुसरं काढायचं. "ह्ये का ह्ये?" पोलिसांसारखं आपलं काम चाललंय याचा मला अभिमान वाटत होता. रंजीचं नाक तात्यांचं असणार म्हणून तात्यांचं घेतलं, हनुवटी काकीची घेतली, कपाळ माझ्या वडलांचं. पहिल्या शनिवारी काकी ठाम होती. "न्हाई, आसं नव्हतं. न्हाई, ह्ये बी न्हाई." डोळे मिटायची, उघडायची, चित्राकडं बघायची, परत मिटायची. पुढं पुढं मिटणं कमी झालं. मी दाखवायची आणि ती उघड्या डोळ्यांनीच सांगायची. नंतर नंतर ती म्हणायला लागली, "आसंल." मी विचारायची, "भुवया अशाच?" "आसंल बाय." मला वाटलं, जमत आलं. पहिल्या दिवशी ती "हाय" म्हणाली होती आणि आता "आसंल" म्हणते आहे, हे ऐकायला माझ्याकडं कान नव्हते. माझं सगळं ध्यान त्या पेनाच्या टोकाशी होतं.

चित्र पूर्ण झालं. झबलं घातलेली, समोर बघणारी, ओठ किंचित विलग असलेली मुलगी. डोळ्यांत उजेडाचा ठिपका, कपाळावर गंधाची टिकली, प्रत्येक केस वेगळा. तात्यांनी टॅब दोन्ही हातांत धरला आणि ते पायरीवर बसले. मग चित्राला म्हणाले, "काय रंजाबाई, पळालीस व्हय मला बघून?" आणि माझ्यासमोर, माझ्या वडलांसमोर, दूध न्यायला आलेल्या पोरासमोर ते ढसाढसा रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते. कराडला जाऊन आम्ही ते मोठं छापून आणलं, काचेची चौकट केली, आणि तात्यांनी स्वतः खिळा ठोकून ते सोप्यात लावलं. रोज उजाडता अंगणात खाकरून झालं की ते आधी चित्रासमोर उभे राहायचे, "गुड मॉर्निंग, साहेब" म्हणायचे, मग म्हशीकडं जायचे. गावातली माणसं येऊन बघून गेली. म्हाताऱ्या बायकांनी दृष्ट काढून बोटं मोडली, म्हणाल्या, "हुबेहूब गं!" त्यांतल्या किती जणींनी रंजीला नीट बघितलं होतं, देवाला ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारी मी काकीपाशी वेणी घालून घ्यायला बसले होते. अर्धी वेणी झाली आणि तिचे हात थांबले. म्हणाली, "एक इचारू? त्ये पैलं चित्र हाय का गं तुज्याकडं? धुरकट?" मी म्हणाले, नाही, त्याच्यावरच तर हे काढलं, आणि टॅबमधली जागा संपली म्हणून एकावर एक काढलेले सगळे थर मी एक करून टाकले, आता खालचं वेगळं निघत नाही. जुन्या टॅबवरचंही पुसून तो मी धाकट्या आतेभावाला दिला होता. "आसू दे," ती म्हणाली. मी मान वळवून बघितलं, "का गं काकी?" ती माझ्या केसांतच बघत होती. "आदी डोळं मिटलं की यायची. पळत यायची, वळून बघायची. आता मिटलं की ही येती, तू काढल्याली. समोर बसून ऱ्हाती. हालत न्हाई, बोलत न्हाई." मग म्हणाली, "माझी कुठं गेली काय कळंना झालंय."

मी रडायला लागले. म्हणाले, काकी, मी ते काढून टाकते, भिंतीवरनं आत्ताच काढते, दिसलं नाही की हळूहळू तुझी तुला परत आठवेल. मला खरंच तसं वाटत होतं. पेनानं केलेलं सगळं मागं घेता येतं, एकेक रेघ उलटी जाते आणि कोरी काच उरते, ही सवय माझ्या हाताला लागली होती. काकीनं माझा दंड धरला. गोठ्याकडनं तात्यांचा आवाज येत होता. "गप," ती म्हणाली, "त्यास्नी सांगायचं न्हाई. इतक्या वर्सानं त्यास्नी लेक घावलीया. मी बगितली, लय बगितली. त्यास्नी बगू दे आता." आणि तिनं माझी राहिलेली वेणी घातली, नेहमीपेक्षा जरा घट्ट. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. तात्यांना कधीच काही कळलं नाही, ते शेवटपर्यंत रोज सकाळी चित्रापुढं उभे राहत गेले.

मी आता मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. लोक येतात, गेलेल्या माणसाचं चित्र काढून द्या म्हणतात. फोटो असेल तर काढते. नुसतं सांगण्यावरून काढायचं असेल तर नाही म्हणते. काहींना वाटतं, हिला गर्व झालाय. त्यांना काय सांगू? एका माणसाच्या आठवणीतून दुसऱ्यासाठी चेहरा काढून देता येतो, पण तो त्या पहिल्याकडं शिल्लक राहतोच असं नाही. रात्रंदिवस कष्ट करून, सगळं प्रेमानं करून, मी एका बाईची मुलगी दुसऱ्यांदा नेली. तिनं मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

गेल्या साली तात्या गेले. तेराव्याला पाहुणे पांगले. तात्यांचा फोटो लावायला भिंतीवर जागा करायची होती. सोप्यात काकी आणि मी दोघीच होतो. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि रंजीच्या चौकटीला हात घातला. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते, हे मला तेव्हा जाणवलं. म्हणाले, "काकी, आता काढते बघ ह्ये. आता कुणाला काय सांगायचं ऱ्हायलं न्हाई."

काकी खाली बसली होती. तिनं वर बघितलं, माझ्याकडं नाही, चित्राकडं.

"नगं काढू," ती म्हणाली. "आता मला बी हीच वळखू येती."

मी स्टुलावरून खाली उतरले.